अंगावरचं वीजघर

६८ किलो वजनाचा माणूस झपझप चालतो आहे, सेकंदाला दोन पावलं. दर पावलाला त्याची टाच ५ सेंटिमीटर खाली येते असं धरा. वजन, गुरुत्वाकर्षण आणि हे अंतर यांचा गुणाकार करायचा, आणि तो प्रकार सेकंदाला दोनदा घडतो म्हणून दुप्पट. उत्तर येतं ६७ वॅट. पूर्वी घरोघरी असायचा तो साठचा बल्ब पेटवून वर थोडी उरेल इतकी ही शक्ती, आणि माणूस ती फुकटच जमिनीत घालवतो आहे.

हा हिशेब थॅड स्टार्नरने १९९६ साली आयबीएमच्या संशोधनपत्रिकेत मांडला. एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये शिकणारा स्टार्नर १९९३ पासून अंगावर कॉम्प्युटर घालून वावरत होता. पुढे गूगलच्या चष्म्याच्या कामात तो आघाडीवर होता. अंगावरच्या कॉम्प्युटरची सगळ्यात मोठी कटकट बॅटरीची, त्यामुळे त्याने माणसाच्या शरीराकडेच मोर्चा वळवला. श्वास, शरीराची ऊब, हातांची हालचाल, टाइप करणारी बोटं, कशातून किती वॅट मिळतील याची त्याने बारकाईने आकडेमोड केली. रक्तदाबातून किती मिळतील तेही काढलं. तो भाग वाचताना अंगावर काटा येतो, पण आकडेमोडीला काटा येत नाही.

या सगळ्या यादीत पाऊल सगळ्यात श्रीमंत ठरलं. मात्र ६७ हा आकडा कागदावरचाच, हे खुद्द स्टार्नरलाही ठाऊक होतं. ते ६७ वॅट मिळवायचे तर बुटाचा तळवा दर पावलाला ५ सेंटिमीटर दबायला हवा. चौपाटीवरच्या कोरड्या, भुसभुशीत वाळूतून अर्धा तास चालून पाहिलं की असा बूट कुणी का विकत घेणार नाही ते पोटऱ्याच सांगतात. पाय खाली गेला की तो पुन्हा वर उचलावा लागतो, आणि ते काम स्नायूंनाच करावं लागतं. चालणाऱ्याला जाणवणार नाही अशा बेताने टाच दबू द्यायची तर सेंटिमीटरभरावर भागवावं लागतं. म्हणून स्टार्नरने प्रत्यक्षात हाती लागेल असा आकडा ५ ते ८ वॅट धरला. एका फटक्यात दहातले जवळपास नऊ हिस्से गळाले. आणि ही गळती इथेच थांबणार नव्हती.

बुटात वीज करायचा पहिला नीटस प्रयत्न त्याच मीडिया लॅबमध्ये झाला. जोसेफ पॅराडिसो, नील गर्शनफेल्ड आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९९८ साली धावण्याच्या बुटांत तीन निरनिराळ्या यंत्रणा बसवून पाहिल्या. त्यांतल्या दोन ज्या तत्त्वावर चालतात ते आपल्या ओट्यावर रोज वापरात असतं. गॅसचा लायटर दाबला की आत एक छोटी हातोडी स्प्रिंगच्या जोराने सिरॅमिकच्या वडीवर आदळते. दाब बसताच वडीच्या दोन टोकांना विरुद्ध विद्युतभार जमतात, व्होल्टेज काही हजारांवर जातं आणि ठिणगी पडते. बॅटरी नाही, वायर नाही. दाबामुळे स्फटिकात वीज निर्माण होते हे जॅक आणि पिअर क्यूरी या भावांनी १८८० साली दाखवलं होतं. क्वार्ट्‌झ आणि तुरमालीन हे त्यांचे स्फटिक. लायटरमधली वडी शिसं, झिर्कोनियम आणि टायटॅनियमच्या संयुगाची असते. तिला पीझेडटी म्हणतात.

एमआयटीवाल्यांनी टाचेखाली पीझेडटीची वाकलेली पट्टी बसवली, आणि चवड्याखाली, जिथे बूट दर पावलाला मुडपतो तिथे, पीव्हीडीएफ नावाच्या प्लॅस्टिकचे पापुद्रे एकावर एक रचून घातले. टाचेने सरासरी १.८ मिलिवॅट दिले, चवड्याने १.१. मिलिवॅट, वॅट नव्हे. काही वर्षांनी सुधारलेल्या टाचेचा आकडा ८.४ मिलिवॅटपर्यंत गेला. तेवढ्यावर बूट स्वतःची ओळख सांगणारा छोटासा रेडिओ संदेश दर काही पावलांना पाठवू शकत होता. प्रयोग म्हणून देखणा होता यात शंका नाही.

लायटरची ठिणगी पाहून मनात जो गैरसमज होतो तो इथे दूर होतो. व्होल्टेज हजारोंनी असलं तरी ऊर्जा हजारोंनी असते असं नाही. वडी दाबली जाते केसाच्या जाडीहूनही कमी, आणि काम म्हणजे बल गुणिले अंतर. अंतरच नाही तर काम कुठून होणार? आता हे ८.४ मिलिवॅट आपल्या गरजेशी ताडून पाहू. आजच्या साध्या स्मार्टफोनमध्ये ५,००० मिलिअँपिअर-अवरची बॅटरी असते, म्हणजे अंदाजे १९ वॅट-तास ऊर्जा. रोज सकाळी न चुकता तासभर फिरायला जाणाऱ्या माणसाने हा बूट घातला, आणि वाटेत काहीच वाया गेलं नाही असं मानलं, तर त्याचा फोन एकदा पूर्ण चार्ज व्हायला सहा वर्षांहून जास्त लागतील. तोवर फोन बदललेला असेल. बूटही.

तिसरी यंत्रणा होती टाचेच्या दाबावर फिरणारं खरंखुरं चुंबकी जनित्र. तिने सरासरी पाव वॅटच्या आसपास वीज दिली, म्हणजे पट्ट्यांच्या शंभरपटीहून जास्त. पण तो बूट घालून चालणं हाच एक व्यायाम होता. ब्रिटिश संशोधक ट्रेव्हर बेलिस (चावीवर चालणारा रेडिओ बनवणारा तोच) २००१ साली नामिबियाच्या वाळवंटात १६० किलोमीटर चालला, तो टाचेत दाबाने वीज देणाऱ्या वड्या बसवलेल्या बुटांच्या प्रचारासाठी आणि भूसुरुंग हटवणाऱ्या संस्थेला निधी मिळावा म्हणून. निधीचं काम चांगलं होतं. बुटांचं दुकान मात्र कुणी थाटलं नाही.

खरा प्रश्न तंत्राचा कमी आणि हिशेबाचा जास्त आहे. ही वीज देतं कोण? ज्यांनी सायकलवर डायनामो लावून रात्री घर गाठलंय त्यांना उत्तर वेगळं सांगायला नको. खटका ओढून डायनामोचं चाक टायरला टेकवलं की पेडल लगेच जड व्हायचं. तो दिवा ३ वॅटचा, आणि त्यासाठी मांड्या भरून यायच्या, कारण टायर आणि डायनामो यांच्या घासण्यातच बरंच काही जायचं. फुकट काहीच नव्हतं, बिल पोटाकडे जात होतं.

ते बिल मांडून पाहण्यासारखं आहे. चमचाभर साजूक तूप म्हणजे ५ ग्रॅम, म्हणजे सुमारे ४५ कॅलरी. विजेच्या भाषेत ते ५२ वॅट-तास होतात. जवळपास पावणेतीन फोन भरतील इतकी ऊर्जा एका चमच्यात! पण स्नायूंची कार्यक्षमता फार तर २५ टक्के. बाकीचं उष्णतेत जातं, म्हणून चालताना घाम येतो. उरले १३. जनित्र, गिअर, चार्जिंगचं सर्किट यांनी आपापला वाटा उचलल्यावर ८-९ राहतात. म्हणजे फोन पूर्ण भरायला दोन चमचे तूप जिरवायला हवं. तूप ६०० रुपये किलो धरलं तर ते झाले सहा रुपये. तीच वीज भिंतीतल्या प्लगमधून घेतली, आणि युनिटला दहा रुपये पडतात असं मानलं, तर खर्च वीस पैशांच्या आत. 'स्वतःची वीज स्वतः बनवा' अशी जाहिरात करणाऱ्यांनी ही वजाबाकी कधी छापलेली नाही. तूप तसंही खायचंच होतं, आणि खाऊन ते कमरेवर साठलेलंच होतं, असा युक्तिवाद करता येतो. तो मला अगदीच चुकीचा वाटत नाही. पण मग ते यंत्र व्यायामाचं झालं, विजेचं नव्हे.

यातून वाट काढली कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या मॅक्स डोनेलनने, आणि या सगळ्या विषयात मला सर्वांत हुशारीची वाटते ती हीच कल्पना. त्याचं म्हणणं साधं होतं. स्नायू नेहमी पुढे ढकलण्याचंच काम करतात असं नाही, पुष्कळदा ते ब्रेक लावतात. चालताना मागचा पाय सुटून पुढे झुलतो आणि गुडघा सरळ होऊ लागतो. तो तसाच मोकळा सोडला तर पाय शेवटी खाडकन ताठ होईल. म्हणून झोक्याच्या अखेरीस मांडीच्या मागचे स्नायू आवळतात आणि पायाची गती मारतात. गंमत अशी की थांबवण्यासाठीही स्नायूला अन्न जाळावं लागतं, आणि त्यातून मिळते ती फक्त उष्णता. हायब्रिड मोटारीत ब्रेक दाबला की चाकांची गती जनित्राकडे वळवून बॅटरी भरतात. डोनेलनने तेच गुडघ्यावर केलं. मांडी आणि पोटरीला बांधायचा पट्टा, सांध्याशी गिअर, एकाच दिशेने पकडणारा क्लच, छोटं जनित्र, आणि गुडघ्याचा कोन पाहून नेमक्या क्षणी जनित्र जोडणारं व सोडणारं सर्किट.

२००८ साली 'सायन्स'मध्ये आलेल्या त्याच्या शोधनिबंधातले आकडे असे. दोन्ही पायांवर यंत्र बांधून चालताना सरासरी ५ वॅट, बुटातल्या यंत्रांच्या दसपट. त्याहून महत्त्वाचा आकडा दुसराच आहे. एक वॅट विजेसाठी शरीराला जादा किती वॅट अन्न जाळावं लागतं, तर हातपायांनी जनित्र फिरवण्याच्या नेहमीच्या पद्धतीच्या एक-अष्टमांशाहूनही कमी. जनित्र सबंध पावलाभर जोडून ठेवलं की वीज ७ वॅटवर जायची, पण मग पाय कुरकुरायला लागायचे. फक्त ब्रेकच्या वेळी जोडलं की चालणाऱ्याला मदतच व्हायची, कारण स्नायूंचं थांबवण्याचं काम यंत्र वाटून घेत होतं. ५ वॅटने फोन चार तासांत भरतो. स्टार्नरने धरलेल्या ५ ते ८ वॅटांची खालची कड बारा वर्षांनी का होईना गाठली गेली, फक्त ती टाचेखाली सापडली नाही, गुडघ्याच्या मागे सापडली.

अडचण वजनाची. प्रत्येक पायावर १.६ किलोचं लोढणं. पाठीवर दीड किलो असलं तर जाणवतही नाही, पण पायावरचं वजन दर पावलाला पुढे फेकावं आणि पुन्हा थांबवावं लागतं, त्यामुळे ते कितीतरी महाग पडतं. वीज जवळजवळ फुकट, तिचं यंत्र वाहून नेण्याची मजुरी मात्र रोकडी. पुढची बरीच वर्षं डोनेलनच्या कंपनीने हे वजन उतरवण्यात घालवली, आणि गिऱ्हाईक म्हणून तिच्यासमोर होतं सैन्य.

सैन्य का, हे समजायला पेनसिल्वेनिया विद्यापीठातल्या लॅरी रोमच्या पाठपिशवीकडे जायला हवं. रोम हा मुळात स्नायूंचा अभ्यासक. रेडिओ, रात्रीच्या दुर्बिणी, जीपीएस हे सगळं घेऊन तीन दिवसांच्या मोहिमेवर निघालेल्या अमेरिकी सैनिकाच्या पाठीवर नुसत्या बॅटऱ्याच सात किलोच्या आसपास असत. रोमने विचार केला, ओझं वाहायचंच आहे तर त्यालाच कामाला लावू. चालताना माणसाचं कंबरडं दर पावलाला सुमारे ५ सेंटिमीटर वरखाली होतं, आणि पाठीवरचं ओझंही त्याबरोबर उचललं-आपटलं जातं. रोमच्या पिशवीत चौकट पाठीला घट्ट बांधलेली, पण ओझं त्या चौकटीत स्प्रिंगवर टांगलेलं. चौकट वर जाते तेव्हा ओझं मागे राहतं, खाली येते तेव्हा ओझं वर येतं. दोघांमधल्या या सरकण्यावर दात्यांची पट्टी एक छोटं जनित्र गरागरा फिरवते. २० ते ३८ किलो ओझ्यावर कमाल ७.४ वॅट मिळाले. रोमने हे २००५ साली निबंधात मांडलं.

आणि आता तुपाचा हिशेब उलटतो. शहरात प्लगमधली वीज वीस पैशांना आहे, पण डोंगरात प्लग नाही. तिथे तुलना करायची ती पाठीवरच्या बॅटरीशी. चांगल्या लिथियम बॅटरीत किलोमागे अडीचशे वॅट-तास ऊर्जा मावते. स्निग्ध पदार्थात दहा हजारांहून जास्त. स्नायूंनी तीन चतुर्थांश खाल्ली आणि जनित्राने वर आणखी खाल्ली, तरी अन्नाचं पारडं कित्येक पटींनी जड राहतं. रोमचा मुद्दा हाच होता, बॅटऱ्या कमी न्या, चार घास जास्त न्या. सिद्धान्तात याला तोड नाही. व्यवहारात सैनिकाला धावावं लागतं, सरपटावं लागतं, दबा धरून तासन्‌तास निश्चल बसावं लागतं, आणि पाठीवर वरखाली होणारं ओझं त्या वेळी कुणालाच नको असतं.

आता मनगटाकडे येऊ, कारण माणसाच्या हालचालीवर चालणारं एकमेव अंगावरचं यंत्र जे करोडो लोकांनी खरोखर वापरलं ते तिथे आहे. अठराव्या शतकात, १७७० च्या दशकात, स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्ल गावच्या अब्राहम-लुई पेरले याने चालण्याने आपोआप चावी बसणारं खिशातलं घड्याळ केलं असं मानतात. बेल्जियमच्या ह्यूबेर सार्टोंचा दावाही तितकाच तगडा आहे, आणि घड्याळवेड्यांत त्यावरून अजून भांडणं होतात. पण खिशातलं घड्याळ फारसं हलतच नाही. कल्पनेला योग्य जागा मिळाली ती मनगटी घड्याळं आल्यावर. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या जॉन हारवुड या इंग्लिश घड्याळजीच्या ध्यानात आलं होतं की धूळ आणि ओल घड्याळात शिरते ती चावीच्या भोकातून. चावीच नको म्हणून त्याने आत झुलणारं वजन बसवलं आणि १९२४ साली पेटंट मिळवलं. त्याचं वजन अर्धवट झुलून दोन्हीकडच्या स्प्रिंगांवर आदळायचं. पूर्ण गोल फिरणारं वजन रोलेक्सने १९३१ मध्ये आणलं.

आपल्याकडे या घड्याळाला ऑटोमॅटिक म्हणत आणि एचएमटीचं 'कांचन' हे त्यातलं मानाचं. लग्नात जावयाला द्यायची वस्तू होती ती. ते घातलेल्या माणसाला चावी द्यावी लागत नसे. घड्याळ बंद पडलं तर दोष त्याच्या आळसाला जायचा. आता हौशी मंडळींकडे अशी दहा-दहा घड्याळं असतात, आणि न घातलेली बंद पडू नयेत म्हणून ती एका पेटीत ठेवून विजेवर गोल फिरवतात. माणसाच्या हालचालीवर चालणारं यंत्र चालू राहावं म्हणून प्लगला जोडलेलं दुसरं यंत्र!

ऑटोमॅटिक घड्याळ वीज करत नाही, ते स्प्रिंग गुंडाळतं. वीज करणारं घड्याळ सेइकोने १९८८ साली बाजारात आणलं, पुढे त्याचं 'कायनेटिक' हे नाव रुजलं. मनगट हललं की आतलं वजन फिरतं, दात्यांची माळ तो वेग वाढवत नेते आणि टोकाशी असलेलं इवलंसं जनित्र मिनिटाला लाखभर फेऱ्यांपर्यंत जातं. ती वीज आधी कपॅसिटरमध्ये साठवत. तो काही वर्षांत दगा द्यायचा, म्हणून नंतर त्या जागी चार्ज होणारी लिथियम बॅटरी आली. वीज करणारा भाग धडधाकट आणि साठवणारा भाग आजारी, हे या सगळ्या क्षेत्रात पुन्हा पुन्हा दिसतं.

घड्याळाला जमलं ते बुटाला का जमलं नाही? घड्याळाची वीज जास्त होती म्हणून नव्हे, त्याची भूक कमी होती म्हणून. क्वार्ट्‌झ घड्याळाला सुमारे एक मायक्रोवॅट पुरतो, वॅटचा दहा लाखावा भाग. अंगावर बाळगलेल्या काडेपेटीएवढ्या यंत्रातून किती वीज मिळेल याला निसर्गाने घातलेली मर्यादा आहे. आतलं वजन, ते किती सरकू शकतं, आणि हालचाल सेकंदाला किती वेळा होते, या तिन्हींवर ती मुख्यतः ठरते. यातला तिसरा घटक घनाच्या हिशेबात मोजला जातो, म्हणजे हालचाल दुप्पट जलद झाली तर बाकी सगळं तेच राहून वीज आठपट. कारखान्यातली मोटर सेकंदाला पन्नास वेळा थरथरते, माणूस एक-दोनदा पाऊल टाकतो. म्हणून मोटरीला चिकटवलेलं छोटं यंत्र मजेत जगतं आणि खिशात ठेवलेलं उपाशी राहतं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या मंडळींनी लोकांच्या अंगावर संवेदक लावून हे मोजलं, तेव्हा चालताना मिळू शकणारी वीज शंभर ते दोनशे मायक्रोवॅटच्या घरात निघाली. उंच माणसांना ती थोडी जास्त मिळते, हेही त्यात दिसलं.

दोनशे मायक्रोवॅट घड्याळाला भरपूर. मग फिटनेस बँडला का नाही? बँडची बॅटरी आणि ती किती दिवस टिकते यावरून हिशेब केला तर त्याला अहोरात्र सरासरी दीड मिलिवॅट लागतात. आणि माणूस काही चोवीस तास चालत नाही. दिवसातले दोन तास चालणं धरलं तर ते दोनशे मायक्रोवॅट दिवसभरात वाटले जाऊन सोळा-सतराच उरतात. गरजेपेक्षा सुमारे नव्वदपट कमी. दरम्यान लोकवर्गणीच्या संकेतस्थळांवर 'चाला आणि फोन चार्ज करा' म्हणणारी दंडाला बांधायची, खिशात ठेवायची, बुटात सरकवायची बरीच यंत्रं येऊन गेली. त्यांत झालेली गुंतवणूक पाहून आश्चर्य वाटतं, कारण वरचा हिशेब करायला बारावीचं गणितही लागत नाही.

२०१२ पासून आशा पुन्हा जागी झाली ती जॉर्जिया टेकच्या झोंग लिन वांग यांच्यामुळे. त्यांनी आधी २००६ मध्ये झिंक ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म तारा वाकवून वीज काढून दाखवली होती. मग त्यांचा गट वळला घर्षणाच्या विजेकडे, म्हणजे कंगव्याला कागदाचे कपटे चिकटवणाऱ्या, हिवाळ्यात स्वेटर काढताना चटचटणाऱ्या विजेकडे. दोन वेगळ्या पदार्थांचे पापुद्रे एकमेकांना टेकले की भार एकाकडून दुसऱ्याकडे जातो. ते दूर केले की मागे लावलेल्या धातूच्या थरांतून बाहेरच्या सर्किटमध्ये वीज वाहते. वजन नाही, चुंबक नाही, साहित्य स्वस्त. कापडात विणता येतं, आणि मुख्य म्हणजे सावकाश हालचालीतही हे चांगलं चालतं. आतापर्यंतच्या सगळ्या यंत्रांचं जे दुखणं, त्यावरच हे औषध. म्हणून जगभर यावर निबंधांचा अक्षरशः पूर आला.

त्या निबंधांतली छायाचित्रं बहुधा एकाच धाटणीची असतात. तळहाताने पट्टीवर थाप मारली आणि शंभर एलईडी उजळले. पाहणाऱ्याला वाटतं, शंभर दिवे! पण एलईडी डोळ्याला दिसण्याइतपत चमकायला अगदी नगण्य विद्युतप्रवाह पुरतो, आणि ती चमक टिकते सेकंदाचा अगदी छोटा अंश. त्या क्षणाची कमाल शक्ती चौरस मीटरमागे वॅटमध्ये छापतात. सरासरी शक्ती, जी बॅटरीत जमा होते, ती शोधावी लागते. अशी बातमी वाचताना मी आधी तोच आकडा शोधतो, आणि तो दिलेला नसला तर पान उलटतो. दुसरी अडचण हवेची. ओल आली की भार झिरपून जातो. प्रयोगशाळेच्या कोरड्या हवेत घेतलेलं माप जुलै महिन्यात रत्नागिरीला टिकायचं नाही, जिथे दोरीवरचे कपडेच तीन-तीन दिवस वाळत नाहीत. त्यावर उपाय म्हणून पापुद्रे हवाबंद करतात. मग कापडाचा कापडपणा जातो, आणि घाम, घड्या, धुलाई हे वैरी उरतातच. स्वतःची वीज करून सेन्सरला पुरवणारा मोजा किंवा हातमोजा यातून होईल, आणि दाबाचा किंवा स्पर्शाचा सेन्सर म्हणून तर हे तंत्र आत्ताच उत्तम आहे, कारण तिथे वीज हाच संदेश असतो. फोनची स्वप्नं यावर बांधू नयेत.

भूक अगदी कमी, प्लग अजिबात नाही, आणि हालचाल रात्रंदिवस न थांबणारी. या तिन्ही अटी एकत्र पुऱ्या होतात अशी एक जागा शरीरात आहे, ती म्हणजे छाती. पेसमेकरला साधारण ५ ते १० मायक्रोवॅट लागतात. त्याची बॅटरी सात ते दहा वर्षांनी संपते आणि मग नव्याने शस्त्रक्रिया करावी लागते. हे टाळण्यासाठी पूर्वी काय काय केलं गेलं पाहा. १९७० साली पॅरिसमध्ये एका रुग्णाच्या छातीत प्लुटोनियमवर चालणारा पेसमेकर बसवला गेला. त्या मानाने स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठाच्या अभियंत्यांची कल्पना घरगुतीच म्हणायची. त्यांनी ऑटोमॅटिक मनगटी घड्याळाचं यंत्र सोलून हलकं केलं आणि ते थेट हृदयाच्या भिंतीला टाचलं. ६० किलोच्या जिवंत डुकरावर केलेल्या प्रयोगात त्याने सरासरी ५२ मायक्रोवॅट दिले, गरजेच्या पाचपट, आणि या विजेवर चालणारा पेसमेकर डुकराचं हृदय मिनिटाला १३० ठोक्यांनी चालवू शकत होता. एड्रियन झुर्बुखेनने २०१४ मध्ये युरोपीय हृदयतज्ज्ञांच्या परिषदेत हे मांडलं. त्याच वर्षी अमेरिकेत जनान दाग्देविरेन आणि जॉन रॉजर्स यांच्या गटाने पीझेडटीच्या इतक्या बारीक फिती केल्या की त्या वळू शकतात, आणि त्या गायी-मेंढ्यांच्या हृदयावर, फुप्फुसावर, श्वासपटलावर शिवून वीज मिळवली.

बर्नच्या गटाने मात्र पुढच्याच वर्षी सौर घटावर चालणाऱ्या पेसमेकरचा निबंध छापला. तो घट कातडीखाली बसतो आणि कातडीतून झिरपणाऱ्या उजेडावर चालतो. हृदयावर काही टाचायला नको, हलणारा भाग झिजायला नको. घड्याळांच्या बाबतीतही प्रकाशावर चालणाऱ्यांनी हालचालीवर चालणाऱ्यांना असंच मागे टाकलं होतं.

शिवाय बॅटरीही गप्प बसलेली नाही. आता वायर नसलेले पेसमेकर निघाले आहेत. औषधाच्या कॅप्सूलएवढे, दोन ग्रॅमच्या आतबाहेर वजनाचे. मांडीच्या शिरेतून नेऊन ते थेट हृदयाच्या उजव्या कप्प्यात सोडतात. त्यांची बॅटरी सरासरी बारा वर्षं टिकावी असा अंदाज आहे. ऐंशीच्या घरातल्या रुग्णाला ती बहुधा जन्मभर पुरते. पण तिशीतल्या रुग्णाचं काय? बॅटरी संपेपर्यंत कॅप्सूलभोवती शरीराने आपले तंतू विणलेले असतात आणि ती उपटून काढणं धोक्याचं असतं, म्हणून पुष्कळदा जुनी तिथेच ठेवून शेजारी नवी बसवतात. बारा वर्षांनी आणखी एक. उजव्या कप्प्यात अशा किती कॅप्सूल मावतील, हा प्रश्न हृदयतज्ज्ञ आता गंभीरपणे विचारतात, आणि ठोक्यांवर स्वतःची बॅटरी भरत राहणाऱ्या कॅप्सूलवर काम चालू आहे ते या तिशीतल्या रुग्णासाठी.